जाते म्हणायचं

शिलाईचं यंत्र न्यायचं की विकायचं, यावरून लेक आणि जावई यांची सकाळपासून हुज्जत चालली होती. जावई म्हणत होता, चांगलं दणकट आहे, नेऊ. लेक म्हणत होती, कुणालाही देऊन टाका, मला ते डोळ्यांसमोर नको.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होती. याच यंत्रावर तिने अर्ध्या गल्लीचे कपडे शिवले, लेकीला वाढवलं, तिचं लग्न करून दिलं. आणि आता डोळ्यांसमोर नको म्हणे. तिला लागलं ते, पण सांगणार कुणाला? हल्ली तिच्या बोलण्याकडे कुणाचं लक्षच नसे.

घर रिकामं होत आलं होतं. फ्रेमा काढलेल्या जागी भिंतीवर स्वच्छ चौकोन उरले होते. साधं बोललं तरी घुमत होतं. दुपारी टेम्पो येणार होता आणि संध्याकाळी बोट सुटणार होती. दोघं परक्या देशात राहायला चालली होती, कायमची.

आईचं मागणं एवढंच होतं. लेकीने एकदा म्हणावं, "आई, तूही चल." मग ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली असती. पण न बोलावता दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकायचं नाही, हा तिचा जन्मभराचा नेम. पोटच्या पोरीसाठीसुद्धा तो मोडायचा नव्हता.

शेजारीण चहाचा थर्मास घेऊन आली आणि खोक्यावरच ऐसपैस बसली. तुझ्या आईने किती जीव लावला या घराला, असं म्हणत तिने पदराने डोळे टिपले. मग इतकं चांगलं बस्तान मोडून चाललात कशाला, ते विचारलं. यांच्या कामासाठी, असं लेकीने सांगितलं. जावई माळ्यावर चढल्यावर मात्र तिने आवाज खाली आणला.

"मला इथे झोप लागत नाही, काकू."

"नवरा घोरत असेल. तो तिकडेही घोरणारच."

लेक हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आईलाही बरं वाटलं.

तेवढ्यात जावई माळ्यावरून उतरला, दोरी आणायला हवी म्हणाला आणि "जातो" म्हणून बाहेर पडला. शेजारणीने कपाळाला हात लावला. "जातो काय जातो? माणसाने येतो म्हणावं."

"आमच्याकडे जातेच म्हणायचं असतं. यांनाही मीच सवय लावली," लेक म्हणाली.

शेजारणीने कारण विचारलं, तशी लेकीने पणजीची गोष्ट काढली. ती गोष्ट तिला आईनेच सांगितली होती, काजं करायला शिकवता शिकवता. पणजोबा चुन्याच्या भट्टीवर कामाला होते. एका सकाळी "येतो" म्हणून गेले, भट्टीचा काठ ढासळला आणि पुरायलासुद्धा काही हाती लागलं नाही. संध्याकाळी ते आले. पायांना चुना लागलेला, दाराशी नुसते उभे. रागावणं नाही, मागणं नाही. शब्द दिला होता, तो पाळत होते. मग रोजच आले. सकाळी ओट्यावर पांढरी पावलं दिसायची, आत येणारी. परत जाणारं एकही पाऊल नसायचं. पणजीने काही दिवस कळ काढली आणि शेवटी पोरांना घेऊन समुद्र ओलांडला. या देशात सगळ्यांना सांगितलं, पोटासाठी आलो. तसं सांगितलं की पुढे कुणी विचारत नाही.

"आणि इथे?" शेजारणीने विचारलं.

"पाण्यापलीकडे त्यांना येता येत नाही. कुणी बोलावलं तरच."

शेजारीण म्हणाली, माझे सासरेसुद्धा येतो म्हणूनच गेलेत, त्यांच्या कानावर हे घालू नकोस बाई. पण स्वतःच्या विनोदावर तिला स्वतःलाच हसता आलं नाही. निघताना तिच्या तोंडून ना येते निघालं, ना जाते. नुसती मान हलवून गेली.

आईला वाटलं, पोरगी उगाच भिते. शब्द तर खुद्द आईकडूनही निसटला होता. हिवाळ्यात छातीत कळ आली, गाडीत घालून दवाखान्यात नेत होते, तेव्हा दारातून ती घाईघाईत म्हणाली होती, "आलेच हं, तेवढा गॅस बंद कर." येते काय आणि आलेच काय, अर्थ एकच. आणि दिवेलागणीला ती घरी आलीसुद्धा. लेक दचकली होती. इतक्या लवकर सोडतील असं तिला वाटलं नसावं. तेव्हापासून मात्र दोघींमध्ये धड बोलणं नव्हतं.

टेम्पो आला. खोकी गेली, यंत्र गेलं, शेवटी खुर्चीही गेली. जावई खाली सामान बांधत होता. लेक एकेका खोलीत डोकावून आली आणि कुलूप हातात घेऊन दारात थांबली.

आई समोरच उभी होती. आता म्हणेल, तिला वाटलं.

"आई," लेक खाली मान घालून म्हणाली, "रागावू नकोस. मला जायलाच हवं."

पुढचा शब्द रोजचाच होता. लहानपणापासून तो म्हणताना ती कधी अडखळली नव्हती. पण रिकाम्या घरात आईला एकटी सोडून "जाते" म्हणायला तिची जीभ रेटेना.

"येते हं, आई," ती म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

आईचा जीव भांड्यात पडला. आता कुणी बोलावण्याची वाट बघायला नको होती. लेक शब्दाची पक्की होती. टेम्पोचा आवाज विरल्यावर आई सावकाश जिना उतरली, गल्ली ओलांडून गावाबाहेरच्या कुंपणाआड आपल्या जागेवर गेली, आणि मातीखाली जराशी कडेला सरून लेकीपुरती जागा करून ठेवली.