कापडाखाली

"हळू बोल, पिल्लं बिथरतील," हे पुटपुटले. मोठा आवाज झाला की फेजंटची पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. त्यामुळे सकाळपासूनचं आमचं भांडण कुजबुजतच चाललं होतं.

मी एकेक पिल्लू दोन्ही तळव्यांत धरून खोक्यात ठेवलं. ह्यांनी वर काळं कापड टाकलं, तशी पिल्लं गप्प झाली. नव्या पिंजऱ्यात बुजू नयेत म्हणून त्यांचं जुनं पाण्याचं भांडंही ह्यांनी बरोबर घेतलं.

मला राहवेना. "पाखरांची एवढी काळजी! आणि सोमवारी वसतिगृहात नेऊन सोडणार, हे आपल्या शरयूला सांगितलंत तरी का?"

ह्यांनी खोकं उचललं. लगेच कापडाखाली फडफड सुरू झाली. मी तर कुजबुजलेच होते.

मग ह्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. थरथरत होते.