पोचलेली बाई

सहाव्या दिवशी सकाळी विशाखाने बॅग भरली. इस्लापूरजवळच्या त्या ध्यानशिबिरात आणखी चार दिवस काढणं तिला अशक्य वाटत होतं. जमिनीवर पातळ सतरंजी, संध्याकाळी जेवण नाही, आणि दहा दिवस अवाक्षर बोलायचं नाही. लातूरच्या घरात तिला सगळं होतं. मऊ गादी होती, गारवा होता, हाताखाली माणसं होती. फक्त झोप नव्हती. मन शांत व्हावं म्हणून ती इथे आली, तर डोळे मिटले रे मिटले की मन बँकेत जायचं, बाजारात जायचं, घरच्या सोफ्यावर जाऊन लोळायचं.

बॅगेची चेन ओढताना तिची नजर शेजारच्या अंथरुणाकडे गेली. तिथली बाई साठीची. हाताला घट्टे, टाचा भेगाळलेल्या. मौन असल्यामुळे नावही ठाऊक नाही. पण काय तो चेहरा! ध्यानाला बसली की तासभर हलायची नाही. पाठ टेकली की झोपायची. ताट समोर आलं की त्याच्याकडे बघून हसायची.

ही बाई पोचलेली आहे, विशाखाला वाटलं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने बॅग पुन्हा उपसली. मग चार दिवस ती त्या बाईसारखीच बसत राहिली. तशी मांडी, तसे हात. मन मात्र सोफ्यावरच.

दहाव्या दिवशी दुपारचं जेवण उरकलं आणि मौन सुटलं. विशाखाने तिला लगेच गाठलं.

"मावशी, मला शिकवा. तुमचं मन एवढं शांत कसं राहतं?"

बाई खळखळून हसली. "मी काय शिकवू, ताई? मी लोह्याची चांगुणा. जन्म गेला दुसऱ्याच्या रानात. आता पोराला नोकरी लागली, त्यानं इथं नाव घातलं. दहा दिस झाले, चूल न्हाई, धुणं न्हाई, कुणाची हाक न्हाई. आयतं ताट यायलंय. एवढी चैन म्या कधी बघितलीच न्हाई! डोळे मिटले की वाटायचं, आता कुणी उठवू नये. काम काय, तर आपलं एक ताट धुवायचं!"

ती ताट धुवायला उठली. विशाखाने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"अवं ताई, हे काय करायलाव?"

"बसा मावशी. आज तेवढंही नको."

चांगुणा पायरीवर ऐसपैस बसली आणि मजेत बघत राहिली. विशाखाने नळाखाली दोन्ही ताटं घासली, विसळली, पुसून उन्हात ठेवली. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, एवढ्या वेळात मन कुठेच गेलं नव्हतं.