मेन स्विच

इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली, तर ती आयती पोटावर टेकली. कॉलेजात असताना मी रॉक वाजवू लागलो, की आमचे वडील, अप्पा, तणतणत थेट मेन स्विच बंद करायचे. अख्खं घर अंधारात जायचं आणि खिडकीशी जमलेल्या पोरांत मी हिरो व्हायचो.

आता माझी मुलगी रॉकला "बाबांची जुनी गाणी" म्हणते आणि इअरफोन घालते. तरी आज इरेला पेटून आवाज पूर्ण वाढवला. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं.

अप्पा काठी टेकत उठले आणि स्विचबोर्डकडे निघाले. माझी छाती फुगली. म्हटलं, अजून दम आहे आपल्यात!

त्यांनी पंखा बंद केला.

"याच्या घरघरीत तुझं ऐकूच येईना रे. हं, आता जरा मोठ्यानं वाजव."