मास्तरांचा खोकला

नवरदेव मारुतीच्या देवळाबाहेर घोड्यावर बसला, तरी बँड काही वाजेना. भास्करने छडी पुन्हा उंचावली. अंगात वडिलांचा लाल कोट, तोही खांद्यात ढगळ. बँडमास्तर वडील जाऊन महिना झाला होता आणि लेकाची ही पहिलीच सुपारी. आज फसली तर बँड मोडणार.

"काका, वाजवा की," त्याने क्लॅरिनेटवाल्या दगडूकाकांना विनवलं. "नवे बूट दिले, पगार वाढवला, अजून काय करू?"

"बूट झकास आहेत, बाळा. पण मास्तर आधी खोकायचे. त्याशिवाय आमची फुंकच सुटत नाही."

एवढ्यात भास्करच्या मागून तोच जुना, विडीचा खोकला आला. मागे कोणीच नव्हतं. अख्खा बँड एका दमात सुटला, घोडा बुजला आणि नवरदेवासकट थेट आचाऱ्याच्या जिलेब्यांत शिरला.

चिडलेल्या वधूपित्याने बँडवाल्यांचं जेवण बंद केलं. भास्करला तेवढं ताट वाढलं. तो पहिला घास घेणार, तोच पाठीमागे पुन्हा खोकला. घास हातातच राहिला. माणसं जेवल्याशिवाय वडील कधी पानावर बसले नव्हते. त्याने ताट उचललं आणि सगळ्यांच्या मधोमध नेऊन ठेवलं.

"आधी तुम्ही."

संध्याकाळी वरात निघाली. छडी वर गेली. भास्कर कान टवकारून उभा राहिला. मागून काहीच येईना.

"बाबा खोकत का नाहीत?" तो कुजबुजला.

दगडूकाकांनी भास्करकडे बघत क्लॅरिनेट ओठांशी नेलं. "मास्तर, आता तुम्ही खोका."