पदकांची बाजू

दहा वाजून चाळीस मिनिटांनी चादर मागावरून उतरली. सत्कार अकराला होता.

दानेश्वरीनं शेवटचे धागे कात्रीनं कापले, चादर टेबलावर उलगडली आणि निरखून पाहिली. नाक बरोबर. मिशी बरोबर. डोळ्यांखालच्या सुरकुत्यासुद्धा धाग्यांत उतरल्या होत्या. छातीवर डाव्या बाजूला पदकांची रांग, आणि खाली अक्षरं : ब्रिगेडियर रणवरे.

"अप्पा, बघा की!"

रुद्रप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. तीस वर्षं त्यांच्या कारखान्यात चादरी निघत होत्या. मोर, वेली, चौकडे. माणसाचा चेहरा कुणी विणला नव्हता. डिझाइनच्या टेबलावर ते इचलकरंजीहून माणूस आणणार होते. लेकीनं हट्ट धरला तेव्हा एवढंच म्हणाले होते, "हे एक कर. साहेबांना पसंत पडलं तर टेबल तुझं."

आता त्यांनी पदकांवर बोट ठेवलं. "फोटोत ही दुसऱ्या बाजूला होती."

"उजवीकडं होती. चुकून."

"फोटो उलटा छापला असंल."

"मला पण आधी तेच वाटलं. पण कोटाचा खिसा जाग्यावर हाय, बटणं जाग्यावर हायत. पदकंच तेवढी उजवीकडं. म्हातारं माणूस, घाईत लावली असतील. पन्नास अधिकाऱ्यांचे फोटो बघितले मी, अप्पा. सगळ्यांची डावीकडं. मग मी पण डावीकडं घेतली."

"साहेबांना विचारलंस?"

"प्रभुदादांना विचारलं. 'बिनधास्त कर' म्हणाले."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता. प्रभु सत्कार समितीचा चिटणीस. सकाळपासून त्याचा हा तिसरा फेरा. तिघं बसले, चादर दानेश्वरीच्या मांडीवर, आणि रिक्षा निघाली.

"एक मेला अकलूजला गेलतो," प्रभु वळून वळून सांगत होता. ही गोष्ट तो पंधराव्यांदा तरी सांगत असेल. "झेंडावंदनाला हे उभे. छातीवर ही एवढी पदकं! शेजारच्याला विचारलं, तर म्हणाला, ब्रिगेडियर रणवऱ्यांची पदकं ती. एकाहत्तरच्या लढाईतली. मी लांबूनच फोटो मारला. आणि माणूस किती साधा! फोन केला तर म्हणतात, 'माझा कसला सत्कार? मी काय केलंय?'"

"मग?"

"मग काय! सत्काराला बोलावलेला हरेक माणूस हेच म्हणतो. आधी नको नको म्हणायचं, मग शाल घ्यायची. मी म्हटलं, साहेब, आमी ऐकणार न्हाय. शेवटी म्हणाले, 'पदकांचा मान करणार असाल तर येतो.'"

सभागृहाबाहेर कॅडेट मुलींचं बँडपथक उभं होतं. ताशा कडकडला आणि दानेश्वरीनं चादर छातीशी धरली. गाडी पाठवायचं ठरलं असूनही रणवरे एसटीनं आले होते. पांढरी मिशी, फोटोतलाच कोट. कॅडेटनी कडक सलामी दिली. त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

पदकं आजही उजवीकडं होती.

"प्रभुदादा, परत तसंच! जाऊन सांगू का?"

"गप गं. एवढ्या मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढतीस व्हय?"

निवेदकानं शौर्याची कहाणी वाचायला घेतली. नदीवरचा पूल. शत्रूचे तीन हल्ले. अंगात दोन गोळ्या असताना तरुण कॅप्टननं अकरा तास तो पूल राखला. रणवऱ्यांचे ओठ निवेदकाबरोबर हलत होते. एका ठिकाणी तारीख चुकली तेव्हा त्यांनी मान हलवली. मग डोळे पुसले.

शाल घालायच्या आधी ते प्रभुच्या कानाशी वाकून काही सांगू लागले. प्रभुनं त्यांचे हात धरले, हसत हसत त्यांना खुर्चीत बसवलं आणि विंगेत दानेश्वरीपाशी आला. "परत तेच! 'माझ्या अंगावर शाल नको' म्हणतात. देवमाणूस!"

मग मंचावर टांगलेल्या चादरीवरच्या पडद्याची दोरी ओढली गेली.

सगळं सभागृह उभं राहिलं. शिट्ट्या, घोषणा, ताशा. तिसऱ्या रांगेत रुद्रप्पा खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उंच करून बघत होते. चादरीकडं नव्हे, साहेबांच्या तोंडाकडं.

रणवरे उठले. चादरीजवळ गेले. विणलेल्या पदकांवर त्यांनी हात ठेवला, मग तोच हात आपल्या कोटाच्या उजव्या बाजूला नेला.

"कुणी विणलं हे?"

दानेश्वरी पुढं झाली. पाय जमिनीला लागत नव्हते. "मी, साहेब. फोटोत पदकं चुकून उजवीकडं लागली होती. मी बरोबर केली."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज इतका हळू, की फक्त तिलाच ऐकू यावा.

"काम लई देखणं केलंस, पोरी. पण ज्यानं मिळवली, त्यानं डावीकडं लावायची. तो गेला, की घरच्यांनी उजवीकडं. फौजेचा नियम हाय."

टाळ्या थांबत नव्हत्या. त्यांनी चादर पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली, काहीतरी शोधत असल्यासारखी.

"मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो, बाळ. ब्रिगेडियर आमचा दादा. ह्यात तो कुठं हाय?"