नवरीच्या चपला

सकाळपासून चौथ्यांदा नवरीने चपला मागितल्या आणि चौथ्यांदा आईने कपाटाची किल्ली मुठीत घट्ट धरली. या घराण्यात लग्न लागेपर्यंत नवरीच्या चपला कुलपात राहत.

“अगं, पण का?”

“प्रथा आहे.”

“फरशी बर्फासारखी गार आहे, आई!”

“मोजे घाल. तुझ्या तिन्ही आत्यांनी निमूट ऐकलं. म्हणे, त्यानं संसारात पाय टिकतो. आता माझं डोकं खाऊ नकोस, शंभर कामं पडली आहेत.” आई दार आपटून गेली.

वडिलांची म्हातारी आत्या इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होती.

“पाय टिकतो म्हणे, डोंबल!” ती वैतागून म्हणाली. “माझ्या लग्नाच्या सकाळी मी मागच्या दारानं निघाले, ती थेट बसथांब्यापर्यंत पोहोचले होते. दादानं ओढत परत आणलं. पुढं धाकटीच्या लग्नात बाबांनी पहाटेच तिच्या चपला कुलपात टाकल्या. झाली प्रथा! पन्नास वर्षांत कारण विचारणारी तू पहिली.”

नवरीने मान खाली घातली.

“खरं सांग, पोरी. फरशी गार आहे म्हणूनच हव्यात ना चपला?”

नवरीचे डोळे भरून आले.

आत्याआजीने कण्हत, वाकून स्वतःच्या चपला काढल्या आणि तिच्यापुढे सरकवल्या.

“जरा सैल होतील,” ती म्हणाली. “बसथांबा अजून तिथंच आहे.”