मासळीची थंड खोली

पंधरवड्यातल्या मोठ्या ओहोटीला खडकांवर पकडलेले ऑक्टोपस टोपलीत भरून जुवेना बंदरावर आली. माल न्यायला दार-ए-सलामची गाडी उद्या येणार होती आणि तोवर माल टिकला नाही तर सारी मेहनत वाया जाणार होती. धक्क्यावर मासळीसाठी बांधलेली नवी थंड खोली सुरू झाली होती, पण दारावर उद्घाटनाची लाल फीत होती.

"साहेब, एका कोपऱ्यात ठेवू द्या की."

"वेड लागलंय का तुला?" बंदराचे अधिकारी मकामे खेकसले. "दुपारी मंत्रीसाहेब येतायत. आत मासळीचा वास नको!"

मागच्या दाराने पाहुण्यांचे हार आणि सोड्याच्या बाटल्या मात्र आत गेल्या.

मंत्री आले संध्याकाळी. त्यांनी फीत कापली, आत डोकावले आणि विचारले, "अहो मकामे, फोटोसाठी मासळी कुठाय?"

मकामे धावतच जुवेनाकडे आले. दिवसभर उन्हात तापलेल्या टोपलीवर माशा घोंगावत होत्या.

"आण गं बाई, आण ती टोपली लवकर!"

 

जुवेनाने टोपली त्यांच्या हातात दिली. "घ्या ना, साहेब. फक्त हिचा वास कुठे ठेवायचा, तेवढं सांगा."